तारण म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती श्रद्धेतली फुकट मिळणारी गोष्ट आणि तिची अवघड वाट

दर वर्षी मार्च-एप्रिलमधल्या एका शुक्रवारी माझ्या फोनवर ‘हॅपी गुड फ्रायडे’ असे दहा-बारा मेसेज येतात. पाठवणारी सगळी जीवाभावाची माणसं असतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातले जुने शेजारी, माझ्याबरोबर शाळेत शिकवलेल्या बाई, भाचीच्या सासरची मंडळी. मी सगळ्यांना हात जोडल्याची खूण पाठवते. त्या दिवशी आम्ही एकमेकांना शुभेच्छा देत नाही. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसतो आणि येशूच्या मरणाची हकिकत ऐकतो. येशूला वधस्तंभावर खिळलं तो हा दिवस. मराठी ख्रिस्ती माणसं त्याला ‘उत्तम शुक्रवार’ म्हणतात.

यंदा शेजारच्या काकूंनी मेसेज पाठवला नाही. संध्याकाळी त्या स्वतःच आल्या, झोपाळ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, तुमचा देव गेला तो दिवस ना हा? मग उत्तम कसला? आणि तुमच्यात म्हणे एकदा विश्वास ठेवला की सगळी पापं माफ. असं कसं चालेल? मग माणूस नीट वागेल कशाला?”

काकू आणि आम्ही चाळीस वर्षं एका भिंतीने शेजारी आहोत. त्यांच्या गणपतीच्या आरतीला मी टाळ वाजवते, आमच्या नाताळच्या करंज्या त्या लाटतात. तरी हा प्रश्न विचारायला त्यांना चाळीस वर्षं लागली, आणि मला तो ऐकून खूप बरं वाटलं. याच बडोद्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सयाजीराव महाराजांनी कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी ऑल्बन विजरी नावाचे प्राध्यापक नेमले होते. एकमेकांची श्रद्धा समजून घ्यावी, हे या शहराला नवं नाही. काकूंना त्या संध्याकाळी जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते इथे लिहिते आहे.

सोनेतारण आणि तारण

सुरुवात शब्दापासून करू. मराठी वर्तमानपत्रात पतसंस्थांच्या जाहिराती असतात, ‘सोनेतारण कर्ज’. तिथे तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. आमच्या बायबलमध्ये तारण म्हणजे वाचवणं, बुडत्याला पैलतीरी नेणं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीतलं तारणं तेच. येशूला आम्ही ‘तारणारा’ म्हणतो, आणि येशू या नावाचा मूळ हिब्रू अर्थही ‘परमेश्वर तारतो’ असाच आहे.

हे दोन अर्थ लांबचे वाटतात, पण तसे ते नाहीत. बायबलमध्ये तारणासाठी जे शब्द येतात त्यातला एक थेट सावकाराच्या ओट्यावरचा आहे: मोल भरून सोडवून आणणं. जुन्या इस्राएलात गरिबीमुळे कुणाला जमीन विकावी लागली, किंवा कर्जापायी स्वतःलाच विकून घ्यावं लागलं, तर जवळच्या नातलगाने पैसे भरून ती जमीन, तो माणूस सोडवायचा अशी रीत होती. सोडवणारा परका नसे, रक्ताचा असे. पुढे येशूविषयी बोलताना त्याच्या शिष्यांनी हाच शब्द उचलला.

सोडवायचं, ते कशातून?

पापातून, असं उत्तर लगेच येतं. पण पाप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे यादी उभी राहते: खोटं बोलणं, चोरी, व्यभिचार. ख्रिस्ती विचारात यादी नंतर येते. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागात, पापासाठी जो ग्रीक शब्द सगळ्यात जास्त येतो, त्याचा मूळ अर्थ आहे ‘नेम चुकणं’.

सायकलची रिम आऊट झाली की काय होतं ते आठवा. हँडल तुम्ही सरळच धरलेलं असतं, पायडलही नीट मारता, पण चाक प्रत्येक फेऱ्याला ब्रेकला घासतं आणि सायकल एका अंगाला ओढते. तुमचा हेतू वाईट नसतो, तुमचं चाकच वाकलेलं असतं. माणसाचं तसं झालं आहे, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणते. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात आपली ही कुचंबणा मोकळेपणाने मांडली आहे: चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, नको असतं तेच होऊन बसतं. मराठीत यासाठी ‘कळतं पण वळत नाही’ ही तीन-चार शब्दांची सोय आहे.

आता रिम आऊट झालेल्या सायकलला ‘नीट चाल’ असं कितीही बजावलं तरी उपयोग नाही. कुणीतरी दुसऱ्याने चाक काढून, आरा आरा आवळून ते सरळ करावं लागतं. म्हणून ख्रिस्ती श्रद्धा माणसाला आधी नियमांची वही देत नाही. आधी सांगते की तुला तुझ्या बळावर हे जमणार नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. माझ्या मते या वाटेवरची पहिली अडचण हीच आहे, आणि ती हुशार, कष्टाळू, सरळमार्गी माणसाला सगळ्यात जास्त जाणवते.

देवाने नुसतं माफ का नाही केलं?

काकूंनी नेमकं इथे मला अडवलं. “देव आहे ना तो? मग म्हणायचं, जा, केलं माफ. त्यासाठी कुणी मरायला कशाला हवं?”

मी त्यांना त्यांच्याच भिशीची आठवण करून दिली.

वीस-बावीस वर्षं झाली. काकूंची बारा जणींची भिशी होती, महिना हजार रुपये. एकीला तिसऱ्या महिन्यात बारा हजारांची भिशी लागली. पुढच्याच महिन्यात तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि तिचे हप्ते थांबले. नऊ महिन्यांचे नऊ हजार बाकी. बाकीच्या बायकांचा पैसा बुडू द्यायचा नाही आणि तिच्या दारात जाऊन मागायचंही नाही, असं काकूंनी ठरवलं. दर महिन्याला तिचा हजार वेळेवर भरला जात होता. कुणी भरला हे कुणाला कळलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी काकूंच्या मनगटाकडे पाहिलं, तर हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. पाटल्या कुठे गेल्या म्हणून विचारलं, तर आधी उडवाउडवी केली, मग स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, “तारण ठेवल्यात.” त्या बाईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं: “तुझं भरून झालंय.”

तिला ते पैसे माफ झाले, अगदी खरं. पण नऊ हजार रुपये हवेत विरले नाहीत. ते काकूंच्या मनगटावरून गेले. माफी जितकी खरी, तितकी तिची किंमत कुणाच्या तरी अंगावर पडते. पैशाच्या बाबतीत हे लगेच दिसतं. अपमान, दगा, मारहाण यांच्या बाबतीतही तसंच असतं. ज्याला लागलं त्याने बदला घेतला नाही, म्हणजे ते दुखणं त्याने स्वतःच्या आत जिरवलं.

वधस्तंभ म्हणजे देवाच्या पाटल्या, असं मी काकूंना म्हणाले. योहानाने लिहिलेल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशूचे प्राण जाण्याआधीचे शब्द आहेत, “पूर्ण झाले आहे.” मला ते वाचताना दर वेळी काकूंचं ‘तुझं भरून झालंय’ ऐकू येतं. शुक्रवार उत्तम आहे तो एवढ्यासाठी. आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, येशू मरणातून उठला ही श्रद्धा त्याला जोडूनच आहे. तो उठलाच नसता तर त्या शुक्रवाराला उत्तम म्हणायला काही अर्थ उरला नसता.

पण ही तर निरपराध माणसाला शिक्षा झाली

हा आक्षेप जुना आहे आणि रास्त आहे. एकाने गुन्हा करावा, न्यायाधीशाने तिसऱ्यालाच फासावर द्यावं, तर त्याला अन्यायच म्हणतील. पण काकूंच्या गोष्टीत तिसरं कुणी नव्हतं. भिशी ज्यांची, जबाबदारी ज्यांची, पाटल्याही त्यांच्याच. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू हा देवाने पकडून आणलेला कुणी त्रयस्थ नाही. देवच माणूस होऊन आला. ज्याला ते देणं लागत होतं त्यानेच ते भरलं, आणि माणसाचा नातलग होऊन भरलं. एवढा एक दुवा सुटला की सगळी गोष्ट क्रूर वाटू लागते, आणि पुष्कळ प्रवचनांत तो दुवा सुटलेला मी ऐकला आहे.

चर्चनेही दोन हजार वर्षांत हे एकाच रीतीने समजावलेलं नाही. सुरुवातीच्या काळात भर होता विजयावर, म्हणजे येशूने मरणाच्या गुहेत शिरून मरणालाच हरवलं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस पापाला आजार आणि येशूला वैद्य मानून बोलतात. 11व्या शतकात अन्सेल्म या विचारवंताने देण्या-घेण्याची, ऋणाची भाषा आणली आणि पश्चिमेकडे ती रुजली. माझी भिशी त्या तिसऱ्या घरातली. दुसऱ्या कुणाला वैद्याची उपमा जवळची वाटली तर ती काही कमी ख्रिस्ती नाही.

विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं?

तारण कृपेने मिळतं आणि विश्वासाने घ्यायचं असतं, असं पौल लिहितो. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं दान. पण विश्वास? देव आहे असं मानणं म्हणजे विश्वास असेल, तर बायबलमधलं याकोबाचं पत्र सरळ म्हणतं की तेवढा तर भुतांनाही आहे, आणि ती कापतात.

आमच्या घरात जुन्या सागवानी तुळईला झोपाळा टांगलेला आहे, बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत असतो तसा. पितळी कड्या माझ्या आजोबांच्या वेळच्या. त्या कड्या भक्कम आहेत हे मला कुणी हजारदा सांगितलं तरी तो विश्वास अजून तोंडचाच. मी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून अंगाचा भार त्या कड्यांवर टाकते, तेव्हा तो विश्वास होतो. मराठीत आपण ‘विश्वास टाकणं’ म्हणतो ते फार नेमकं आहे. टाकायचा असतो तो भार.

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, घेतला. संस्कृतच्या प्रकांड विदुषी, धर्माचा अभ्यास करून, पटवून घेऊन त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. तरी त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी काही वर्षं गेली. एवढ्या बुद्धीच्या बाईला जर कड्या तपासून झाल्यावर झोपाळ्यावर बसायला इतकी वर्षं लागली, तर तुमच्या-आमच्यासारख्यांना वेळ लागला म्हणून खचायचं कारण नाही.

सगळं फुकट, मग नीट वागायचं कशाला?

काकूंचा मूळ प्रश्न हा. आपल्याकडे तो नवा नाही. जन्मभर नको ते करून मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारणारा अजामिळ तरतो, हे ऐकून कीर्तनात बसलेल्या कुणाच्या मनात हा प्रश्न आला नसेल? लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेला एक गुन्हेगार आहे. शेवटच्या घटकेला तो म्हणतो, माझी आठवण ठेव. येशू त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन देतो. त्या माणसाने कुठलं सत्कर्म केलं? करायला त्याचे हात मोकळे नव्हते.

या मुद्द्यावर चर्च फुटलं आहे. 1517 साली मार्टिन लूथरने पापाची शिक्षा कमी करून देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला आणि वाद पेटला: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो नुसत्या विश्वासाने, की विश्वास आणि कर्म दोहोंनी? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट त्यावरून शतकानुशतकं भांडले, युद्धं झाली. अखेर 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन चर्चेस यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्याचा गाभा असा: देव माणसाला स्वीकारतो तो निव्वळ कृपेने, माणसाच्या गुणांकडे पाहून नाही, आणि ती कृपा माणसाला सत्कर्माला लावते. 2006 मध्ये मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही त्यात सामील झाला. बारीकसारीक मतभेद अजून आहेत, पण मूळ भांडण बरंच निवळलं आहे.

हे कळायला बडोद्याच्या माणसाला लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा. शेतकरी घर, शिक्षण असं फारसं नाही. बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून काढल्यावर महाराणी जमनाबाईंनी 27 मे 1875 रोजी त्याला दत्तक घेतलं. त्या दिवशी तो सयाजीराव झाला. त्या एका दिवसात त्याचं नाव, घराणं, वारसा सगळं बदललं. त्यासाठी त्याने काय कमावलं होतं? काही नाही. राज्य कसं करायचं हे त्याला ठाऊकही नव्हतं.

आणि मग सुरू झाली शिकवणी. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक आले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा. दिवाण टी. माधवरावांची राज्यकारभारावरची व्याख्यानं. सहा वर्षांहून जास्त काळ हे चाललं, आणि 28 डिसेंबर 1881 ला पूर्ण अधिकार हाती आले. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, वाचनालयं, आंबेडकरांची शिष्यवृत्ती, हे सगळं त्यानंतरचं.

तो राजपुत्र झाला तो अभ्यास करून नव्हे. पण राजपुत्र झाल्यावर अभ्यास चुकला नाही. त्याला कुणी म्हणालं असतं, ‘गादी तर मिळाली, आता कशाला पहाटे उठतोस?’ तर त्या बोलण्याला काय अर्थ असता? पौलाने हीच उपमा वापरली आहे. रोमन जगात दत्तक मुलाला पूर्ण वारसा मिळे, आणि तुम्हाला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, म्हणून तुम्ही देवाला ‘अब्बा, बापा’ म्हणून हाक मारता, असं तो लिहितो. दत्तक होणं एका दिवसाचं आणि मुलासारखं वागायला शिकणं जन्मभराचं. धर्मशास्त्रात दुसऱ्याला ‘पवित्रीकरण’ म्हणतात.

बडोद्याचे लोक इथे म्हणतील की गोपाळरावाला ‘कशाला आलास?’ असं विचारलं तेव्हा तो ‘राज्य करायला’ म्हणाला, म्हणून तर त्याची निवड झाली. म्हणजे कमाई होतीच की. ही गोष्ट आपण सगळ्यांनी घरी ऐकली आहे. पण त्या उत्तराने राज्य जिंकलं असं मला वाटत नाही. जे द्यायला बोलावलं होतं ते त्याने संकोच न करता घेतलं. विश्वास तो एवढाच.

भिशी चुकलेली ती बाई अजून दर दिवाळीला काकूंकडे चकल्या पाडायला येते. एवढा मोठा सोऱ्या घेऊन, घामाघूम होऊन. तिच्या चकल्यांनी नऊ हजार फिटत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे आणि काकूंनाही. पण ती आलीच नसती, रस्त्यात काकूंना पाहून तोंड फिरवलं असतं, तर माफी तिच्यापर्यंत पोचलीच नाही असं म्हणावं लागलं असतं. हिटलरच्या राजवटीत फाशी गेलेला जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरत असे. कृपा फुकट आहे, स्वस्त नाही. तिची किंमत दुसऱ्याने भरली आहे.

मोक्ष आणि तारण एकच का?

नाही, पण दोन्हींमध्ये भिंत आहे असंही नाही. मोक्षात जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे. तारणात फेऱ्याची कल्पना नाही. एकच जन्म, एकच मरण, आणि शेवटी शरीरासह पुन्हा उठणं, नव्या पृथ्वीवर देवाबरोबर राहणं. तारणाचा गाभा सुटकेपेक्षा नात्यात आहे. तुटलेलं नातं जुळणं. भक्तिमार्गातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. तुकोबांनी मुक्ती बाजूला सारून संतांची संगत मागितली होती. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. या एका वाक्यासाठी मराठी ख्रिस्ती माणसांनी टिळकांचे फार ऋणी असायला हवं. आपलं घर न जाळता नवं घर मिळू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

“मग आमचं काय होणार?” काकूंनी हे हसत विचारलं, पण विचारलं. सगळ्या चर्चचं यावर एकमत नाही. काही कडक आहेत. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 च्या एका दस्तऐवजात, असं म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मी काकूंना सांगितलं की न्यायाची खुर्ची माझी नाही, आणि ती ज्याची आहे त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. त्यापुढे बोलायचा मला अधिकार वाटत नाही.

आणि धर्मांतराच्या बातम्या, आमिषाचे आरोप? जिथे कुणी धान्याच्या पिशवीवर किंवा दवाखान्याच्या बिलावर बाप्तिस्मा देऊ पाहतो, तिथे तो कायद्याच्या आधी स्वतःच्याच बायबलविरुद्ध वागतो. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत घ्यायला पैसे पुढे करतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, तुझा पैसा तुझ्यासह नष्ट होवो. जे विकत घेता येत नाही ते विकताही येत नाही.

खरी अवघड जागा

इथवर सगळं समजण्याच्या अडचणींचं झालं. त्या सुटतात. चालण्याची अडचण वेगळी आहे. येशू दरवाजा अरुंद आहे असं सांगतो, रोज आपला वधस्तंभ उचला म्हणतो. एका श्रीमंत तरुणाला, ज्याने सगळे नियम लहानपणापासून पाळले होते, तो सगळं विकून गरिबांना द्यायला सांगतो, आणि तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. माझ्या अनुभवात मात्र पैशापेक्षाही अवघड जागा दुसरी आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशू एक गोष्ट सांगतो. एका राजाच्या चाकरावर दहा हजार तालांतांचं कर्ज होतं. राजाने ते सोडून दिलं. चाकर बाहेर पडला, त्याला शंभर दिनार देणं असलेला सोबती भेटला, आणि याने त्याची मानगूट धरली. हे आकडे नुसते वाचले तर हाती काही लागत नाही, म्हणून हिशेब करू. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. आज रोजची मजुरी 500 रुपये धरली, तर सोबत्याचं देणं 50 हजार रुपये होतं. लहान रक्कम नाही ती, तीन-साडेतीन महिन्यांची कमाई आहे. येशू आपल्या जखमेला क्षुल्लक म्हणत नाही. पण चाकराचं माफ झालेलं कर्ज होतं 3 हजार कोटी.

हा हिशेब कागदावर पटतो. समोर माणूस आला की पटत नाही.

आपल्या शेजारच्या माळव्यातली गोष्ट आहे. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांसाठी काम करत. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आलं. 2002 मध्ये त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि मारणाऱ्याच्या हाताला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला, 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये कॅथलिक चर्चने राणी मारियांना संतपदाच्या आधीचा मान दिला. मी ती राखी बांधणारे हात मनात आणून पाहते आणि माझं मन तिथे अडखळतं. ते मला जमलं असतं असं मी म्हणणार नाही.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट याहून पुष्कळ लहान आहे. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याच्या प्रतापनगरला आले. गावी आजीचं आणि तिच्या धाकट्या जावेचं विहिरीच्या हिश्शावरून बिनसलं होतं. जाऊ काहीतरी बोलली होती, आजीच्या माहेराबद्दल. काय, ते आजीने कधी सांगितलं नाही. अठरा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं.

आमच्या चर्चमध्ये उपासना गुजरातीत होते. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ सगळे मिळून म्हणतात, आणि आजी आपली मराठीत म्हणायची. मी तिच्या मांडीला चिकटून बसलेली असायचे, त्यामुळे सगळ्यांच्या गुजरातीत तिची मराठी मला वेगळी ऐकू यायची. “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.” या ओळीवर आजी गप्प व्हायची. ओठ मिटायची. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. मी नऊ वर्षांची असताना एकदा विचारलं, “आजी, तू मधलं गाळतेस का?” तिने माझ्याकडे पाहिलं, आणि रागावली नाही. म्हणाली, “देवासमोर खोटं कसं बोलू?”

त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी तिने मला निळं अंतर्देशीय पत्र आणायला लावलं. तिला वाचता यायचं, लिहिण्याचा सराव नव्हता. मी पाटावर कागद धरून बसले, ती सांगत गेली. आजोबांचा खोकला, ज्वारीचा भाव, माझा पाढ्यांतला पहिला नंबर. पत्र संपत आलं तशी ती बराच वेळ थांबली. मी पेन टेकवून बसले होते, शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. मग ती म्हणाली, “लिही. यंदा विहिरीला पाणी आहे का?”

पुढच्या रविवारी मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. त्या ओळीवर तिचा आवाज खाली गेला, पहिला शब्द निघाला, आणि ती थांबली. त्यानंतरच्या रविवारी ‘ऋण्यांस’पर्यंत पोचली.

पोळ्यानंतर जावेचं उत्तर आलं. साधं पोस्टकार्ड होतं. पाणी आहे, एवढंच लिहून खाली विचारलं होतं की आवळ्याचं लोणचं कुणाबरोबर पाठवू.